औषधांचे दुष्परिणाम : त्वचा बोलते, मूत्रपिंड गप्प राहते

प्रास्ताविक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या अभ्यासिकेत नियमित येणाऱ्या एका विद्यार्थ्याला फिट येऊ लागल्या म्हणून एक नवी गोळी सुरू झाली. तीनएक आठवड्यांनी त्याला ताप आला, डोळे लाल झाले, तोंडात फोड आले आणि छातीवर तांबडे ठिपके उठले. घरच्यांना वाटले, गोवर आहे. उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवला गेला. फिटची गोळी चुकवायची नसते हे घरात सर्वांना माहीत होते, म्हणून ती मात्र वेळच्या वेळी दिली गेली. चौथ्या दिवशी पाठीची कातडी अंथरुणाला चिकटून निघू लागली. मग धावपळ करून त्याला परतवाड्याहून अमरावतीला हलविले. तेथे डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणती गोळी चालू आहे?" सोबतच्या आम्हां चौघांपैकी एकालाही उत्तर देता आले नाही. "पांढरी, लहान गोळी" एवढेच आम्ही सांगू शकलो. कोणीतरी पन्नास किलोमीटर परत येऊन उकिरड्यातून रिकामे पाकीट शोधून नेले.

तो मुलगा वाचला. त्याचे डोळे मात्र आजही कोरडे पडतात आणि वाचताना त्याला थेंब टाकावे लागतात. त्या दिवसापासून आम्ही ठरविले की, हा विषय समजून घ्यायचा आणि आपल्या सभासदांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवायचा. आम्ही डॉक्टर नाही. हा लेख उपचार सांगण्यासाठी नाही. वेळीच योग्य प्रश्न विचारता यावा, एवढाच याचा हेतू आहे.

१. औषधाचा शरीरातील प्रवास

आपण गोळी गिळतो ती पोटात विरघळते, आतड्यांतून रक्तात जाते आणि रक्ताबरोबर सर्व शरीरभर फिरते. दुखते गुडघ्यात म्हणून गोळी फक्त गुडघ्यातच जात नाही. काम झाल्यावर बहुतेक औषधांची मोडतोड यकृतात होते आणि पुष्कळशी औषधे किंवा त्यांचे अवशेष मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतात.

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातून दीड-दोन लिटर लघवी तयार होते. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा या दोन मुठीएवढ्या अवयवांकडे जातो. म्हणूनच रक्तातील औषधाचा मारा त्यांना सर्वांत जास्त सोसावा लागतो.

त्वचा हा आपला सर्वांत मोठा अवयव आहे आणि तिच्यावरील बदल डोळ्यांना दिसतो. मूत्रपिंडाचे तसे नाही. निम्मे काम बंद पडेपर्यंत माणसाला बहुधा काहीच जाणवत नाही, आणि रक्तातील क्रिएटिनीनही पुष्कळदा तोवर वाढलेले दिसत नाही. म्हणून आम्ही म्हणतो की, त्वचा बोलते आणि मूत्रपिंड गप्प राहते. बोलणाऱ्याचे ऐकले पाहिजे आणि गप्प राहणाऱ्याची आपण होऊन विचारपूस केली पाहिजे.

२. त्वचेवरील इशारे

(अ) पित्त उठणे : गोळी वा सुई घेतल्यावर काही मिनिटांत किंवा तासांत अंगावर खाजरे गांध उठतात. ओठ-पापण्या सुजल्या, घसा आवळला, श्वास लागला, तर ती तातडीची अवस्था होय.

(आ) ठरावीक जागेचा चट्टा : एकाच जागी, बहुधा ओठावर, हातावर किंवा गुप्तांगावर गोल, जांभळट चट्टा उठतो व काळा डाग ठेवून जातो. पुन्हा तेच औषध घेतले की पुन्हा त्याच जागी उठतो. सल्फायुक्त कोट्रायमोक्साझोल आणि काही वेदनाशामके ही याची नेहमीची कारणे आहेत. लाजेपोटी लोक हा चट्टा लपवितात. त्यामुळे कारण सापडत नाही आणि तीच गोळी पुन्हा पोटात जाते.

(इ) कातडी सुटणे : आमच्या विद्यार्थ्याला झाला तो हा प्रकार. १९२२ साली स्टीव्हन्स व जॉन्सन या दोन अमेरिकन डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव या आजाराला मिळाले. फिटची कार्बामाझेपिन, फेनिटोइन, लॅमोट्रिजिन ही औषधे, युरिक अ‍ॅसिडसाठीचे अ‍ॅलोप्युरिनॉल, सल्फा औषधे आणि एचआयव्हीवरील नेव्हिरापिन यांनी तो क्वचित होतो. औषध सुरू केल्यापासून साधारण एक ते आठ आठवड्यांत ताप, डोळ्यांची आग, तोंडात फोड आणि दुखरे ठिपके अशी सुरुवात होते. शरीराची ३० टक्क्यांहून अधिक कातडी सुटली तर दर तीन रुग्णांपैकी सुमारे एक दगावतो. संशयित औषध जितक्या लवकर थांबेल तितकी जगण्याची आशा वाढते. म्हणून अंगावर पुरळ आणि त्यासोबत तोंडात फोड वा डोळे लाल, असे दिसले तर त्याच दिवशी गोळीचे पाकीट घेऊन रुग्णालय गाठावे. देवी हा रोग १९७० च्या दशकातच देशातून गेला. ताप-पुरळ दिसताच देवीचा कोप मानण्याची सवय मात्र अजून गेली नाही.

३. भिऊ नये असे बदल : कोठाऱ्याचा धडा

अंगावरील प्रत्येक बदल धोक्याचा नसतो, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. परतवाड्याजवळ कोठारा येथे कुष्ठरोग मिशनचे जुने रुग्णालय आहे, आणि अमरावतीचे तपोवन तर डॉ. शिवाजीराव पटवर्धनांमुळे सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे कुष्ठरोगाचा उपचार आपल्या भागाला अपरिचित नाही. १९८० च्या दशकात रिफाम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमिन या औषधांचा एकत्रित उपचार आला आणि हा रोग पूर्ण बरा होऊ लागला.

यांपैकी क्लोफाझिमिनने कातडी तांबूस-काळपट होते. औषध संपल्यावर काही महिन्यांत, कधी वर्ष-दोन वर्षांत, हा रंग फिका होत जातो. पण तो दिसला की गावात चर्चा होईल या धास्तीने रुग्ण गोळ्या फेकून देतो आणि रोग आत वाढत राहतो. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी-लाल होते. क्षयरोगाच्या उपचारातही हेच औषध असते. "किडनीतून रक्त जाते" असे वाटून लोक घाबरतात, परंतु तो केवळ औषधाचा रंग असतो. उलट मनानेच मध्ये खंड पाडून हे औषध पुन्हा सुरू केल्यास, क्वचित का होईना, मूत्रपिंडाला खरा धक्का बसू शकतो.

याच उपचारातील डॅप्सोनने मात्र पहिल्या दोन महिन्यांत ताप, अंगभर पुरळ आणि कावीळ दिसली तर तो खरा धोका समजावा. एकाच पाकिटातील एका गोळीच्या परिणामाला भिण्याचे कारण नाही आणि दुसरीच्या परिणामासाठी मात्र धावत जावे लागते. म्हणून सरसकट भीती आणि सरसकट बेफिकिरी, दोन्ही वाईट. मधला मार्ग विचारण्याचा आहे.

४. मूत्रपिंड आणि अंगदुखीची गोळी

आपल्याकडे सर्वांत जास्त खाल्ली जाणारी औषधे म्हणजे वेदनाशामके : डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, असेक्लोफेनॅक, निमेसुलाइड वगैरे. निंदणाला वाकून कंबर धरली, आरागिरणीवर ओंडके उचलून खांदा भरला की दुकानातून दोन गोळ्या येतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा काम असते, म्हणून पुन्हा दोन.

ही गोळी मूत्रपिंडाला कशी बाधते, ते पाहू. अंगातील पाणी कमी झाले की मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आवळू लागतात. त्या उघड्या ठेवण्यासाठी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करते. वेदना आणि सूज याच द्रव्यांमुळे होते, म्हणून वेदनाशामक नेमकी तीच बंद करते. पाणी भरपूर असेल तर धडधाकट माणसाला दोन-चार गोळ्यांनी सहसा काही होत नाही. पण वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर असताना, दिवसभर उन्हात घाम गाळून, रिकाम्या पोटी हीच गोळी घेतली तर मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा एकदम घटू शकतो. हगवण-ओकारीतही तेच घडते. रक्तदाबाची रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि लघवी वाढविणारी गोळी चालू असलेल्यांनी तर वेदनाशामक स्वतःच्या मनाने कधीच घेऊ नये.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे अमरावती, अकोला व बुलडाणा जिल्ह्यांच्या अनेक गावांत, मूत्रपिंडाच्या विकारांची तक्रार वर्षानुवर्षे ऐकू येते. लोक दोष खाऱ्या पाण्याला देतात. पाण्यासाठी भांडलेच पाहिजे. परंतु मूत्रपिंड आधीच दुबळे असेल तर वेदनाशामक त्यावर दुसरा घाव घालते, आणि तो टाळणे मात्र आपल्या हातात असते.

डायक्लोफेनॅकची ताकद कळण्यासाठी एक उदाहरण देतो. पूर्वी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की गिधाडांचा थवा उतरत असे. १९९० च्या दशकात ती भराभर नाहीशी झाली. दुखणाऱ्या गुरांना दिलेले डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून सिद्ध झाले. २००६ साली भारतात गुरांसाठी या औषधावर बंदी आली. माणूस म्हणजे गिधाड नव्हे. आपल्या शरीरात हे औषध इतके जहाल नाही. तरीही जे औषध आकाशातील पक्ष्यांच्या जाती संपवू शकते, ते शेंगदाण्यासारखे खाऊ नये, एवढे तरी यातून कळावे.

याशिवाय जेंटामायसिन व अ‍ॅमिकासिन ही इंजेक्शने मूत्रपिंडाला जपून द्यावी लागतात. आम्लपित्तावरील ओमेप्रॅझोल, पँटोप्रॅझोल या साध्या वाटणाऱ्या गोळ्यांनीही क्वचित मूत्रपिंडाला सूज येते.

५. त्वचेसाठी लावले, मूत्रपिंडाला भोवले

आता आपल्या शेजारच्या अकोल्यातील घटना पाहू. २०२२ च्या सुमारास तेथील एकाच कुटुंबातील तिघी, आई व दोन मुली, मूत्रपिंडाच्या गाळण्यांच्या विकाराने आजारी पडल्या. तिघींमध्ये समान धागा होता तो गोरेपणाच्या एका क्रीमचा. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीमची तपासणी झाली तेव्हा त्यात मर्यादेच्या कितीतरी पट पारा आढळला. सौंदर्यप्रसाधनात पाऱ्याचा अंश दहा लाख भागांत एका भागापेक्षा अधिक असू नये, असा नियम आहे.

पारा कातडीतील रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. पण तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडात साठतो. गाळण्यांना भोके पडल्यासारखे होऊन प्रथिने लघवीतून वाहून जातात. लघवीला फेस येतो, सकाळी डोळ्यांखाली व संध्याकाळी पायांवर सूज दिसते. केरळातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनीही २०२१ ते २०२३ या काळातील अशाच रुग्णांची नोंद केली. एका विशिष्ट प्रकारच्या मूत्रपिंडविकाराच्या १५ रुग्णांपैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरीत होते. सुदैवाने वेळीच क्रीम बंद केले तर पुष्कळ रुग्ण सुधारतात.

येथे त्वचा बोलली, पण खोटे बोलली. चेहरा खुलत होता आणि आत मूत्रपिंड झिजत होते. ज्या समाजात मुलीचा रंग पाहून लग्न ठरते, तेथे अशा डब्या खपणारच. आपल्या घरातील मुलींना "तू सावळी आहेस" असे उणेपणाने म्हणणे थांबविणे हाही आरोग्याचाच एक उपाय आहे, असे आम्हास वाटते. शुद्धीकरण न झालेल्या, पारा-शिसेमिश्रित भस्मांच्या पुड्यांबाबतही हीच सावधगिरी हवी. गजकर्णावर स्टिरॉइडमिश्रित मलम लावल्याने खाज थांबते, परंतु बुरशी पसरते आणि कातडी पातळ होते, हेही जाता जाता सांगितले पाहिजे.

६. सिकलसेल आणि आपला समाज

विदर्भातील बौद्ध समाजात आणि मेळघाटासारख्या भागातील आदिवासी बांधवांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. १ जुलै २०२३ रोजी या आजाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली. या आजारात अंगदुखीचे असह्य झटके येतात आणि रुग्ण साहजिकच वेदनाशामकाकडे वळतो. पण सिकलसेलमध्ये मूत्रपिंडाच्या आतल्या भागात रक्तपेशी अडकून तेथे आधीच इजा झालेली असते. लघवी घट्ट करण्याची शक्ती कमी होते, रात्री वारंवार उठावे लागते आणि अंगातील पाणी लवकर आटते. अशा मूत्रपिंडावर डायक्लोफेनॅकचा मारा दरमहा होऊ देणे धोक्याचे आहे. वेदना सोसा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. कोणते औषध, किती आणि किती दिवस, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे आणि भरपूर पाणी प्यावे.

याच आजारातील हायड्रॉक्सियुरिया या उपयुक्त गोळीने नखे व कातडी काळवंडते, ती भिण्याची बाब नाही. घोट्याजवळ न भरणारी जखम झाली तर मात्र लगेच दाखवावी. मूत्रपिंड दुबळे असल्यास या गोळीची मात्रा कमी करावी लागते, म्हणून ठरल्याप्रमाणे रक्त व लघवी तपासणे चुकवू नये.

७. दुष्परिणाम वेगळा, भेसळ वेगळी

योग्य औषधाचा नको असलेला परिणाम म्हणजे दुष्परिणाम. औषधात विष असणे हा गुन्हा आहे. या दोहोंची गल्लत करू नये. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले ग्लिसरॉल दिले गेल्याने १४ रुग्ण मूत्रपिंडे बंद पडून मरण पावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्यामागची हलगर्जी व भ्रष्टाचार उजेडात आणला. तरी २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या सीमेपलीकडच्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतील अनेकांवर नागपुरात उपचार झाले. त्या औषधात तेच विष तब्बल ४८.६ टक्के निघाले. मुलांना खोकल्याचे औषध दिल्यावर लघवी कमी झाली, ओकाऱ्या झाल्या, तर एक तासही थांबू नये. पाच वर्षांखालील मुलांना अशी औषधे सहसा देऊच नयेत, असा केंद्रीय आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे.

८. आपण काय करावे?

१) घरातील प्रत्येकाच्या चालू औषधांची नावे एका वहीत लिहावीत, गोळी संपेपर्यंत पाकीट फेकू नये.
२) एखाद्या औषधाने पूर्वी त्रास झाला असल्यास त्याचे नाव लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवावी व प्रत्येक डॉक्टरला दाखवावी.
३) पुड्या बांधून, नाव न सांगता दिलेली औषधे घेऊ नयेत. नाव विचारणे हा उद्धटपणा नसून रुग्णाचा हक्क आहे.
४) मधुमेह, रक्तदाब, सिकलसेल, मुतखडा असणाऱ्यांनी आणि साठीपुढील व्यक्तींनी वर्षातून एकदा तरी क्रिएटिनीन व लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत.
५) ताप-अंगदुखीत पॅरासिटामॉल मूत्रपिंडाला तुलनेने सौम्य आहे. तरी मोठ्या माणसानेही दिवसाला ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, आणि दारू पिणाऱ्यांनी व यकृताचा विकार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.
६) क्षय, कुष्ठ, फिट वा मधुमेहाचे औषध शंका आली म्हणून परस्पर कायमचे बंद करू नये, त्याच दिवशी जाऊन विचारावे.
७) दुष्परिणामाची नोंद करावी. भारतात २०१० पासून यासाठी राष्ट्रीय यंत्रणा आहे. १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर सामान्य माणूसही कळवू शकतो.

समारोप

आमचा तो विद्यार्थी आता नोकरीला लागला आहे. त्याच्या पाकिटात एक लहान कार्ड असते. त्यावर त्याला न चालणाऱ्या औषधाचे नाव लाल शाईने लिहिलेले आहे. पहिले कार्ड आम्हीच लिहून दिले होते. पुढची तो स्वतः लिहितो. आपल्या वस्तीतील शिकलेल्या प्रत्येक मुला-मुलीने शेजारच्या एका न शिकलेल्या घरासाठी असे एक कार्ड लिहून दिले, तर कोणालाही उकिरड्यात पाकीट शोधावे लागणार नाही. अक्षरओळख आपल्याला सहज मिळालेली नाही. तिचा याहून चांगला उपयोग आम्हास तरी सुचत नाही.

स्वाध्याय

१. क्लोफाझिमिनने काळी पडलेली कातडी आणि डॅप्सोनने उठलेले पुरळ, यांबाबत आपले वागणे वेगवेगळे का असावे?
२. उन्हाळ्यात वेदनाशामक अधिक धोक्याचे का ठरते? कारण आपल्या शब्दांत सांगा.
३. दुष्परिणाम व भेसळ यांतील फरक प्रत्येकी एका उदाहरणाने स्पष्ट करा.
४. आपल्या घरातील चालू औषधांची यादी करा. किती नावे वाचता आली, किती आली नाहीत, ते प्रामाणिकपणे लिहा.